शिवडीच्या सिमेट्रीतले दगड: प्रकल्प नोंदी

८ जून

परवानगीचं पत्र एकदाचं हातात आलं, त्यामुळे आजपासून या नोंदी. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत जेवढ्या जुन्या कॅथलिक कबरी आहेत त्यांच्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा, फोटो काढायचा, जागा टिपायची आणि मग चर्चच्या रजिस्टरशी ताडून बघायचं, एवढंच काम आहे पण पसारा मोठा आहे. आम्ही माझगाव, परळ, वांद्रे इकडची मंडळी, कुणी रिटायर्ड, कुणी अजून कॉलेजात, आणि बहुतेकांचं कुणी ना कुणी इथे पुरलेलं आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडी माहिती इथेच लिहून ठेवते. ही सिमेट्री १८६७ सालची. त्याआधी मरीन लाइन्सच्या सोनापूरला पुरायचे, पण तिथे जागा उरली नव्हती आणि वस्ती अगदी भिंतीला येऊन भिडली होती. शिवडीला तेव्हा अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती, ती जागा दफनासाठी घेतली आणि बाग भायखळ्याला गेली, तीच पुढे आपली राणीची बाग झाली. हे घडवून आणणारा म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावाचं मार्केट अख्ख्या मुंबईला माहिती आहे (महात्मा फुले मंडई म्हटलं तरी टॅक्सीवाला क्रॉफर्डच म्हणतो). सुरुवातीला ही जागा युरोपियन लोकांसाठीच होती, नंतर सगळ्या ख्रिस्ती लोकांना खुली झाली, आणि प्रोटेस्टंट-कॅथलिक दोघंही इथे आहेत. आपण सध्या कॅथलिक भागापुरतंच बघणार आहोत.

पाऊस धरायच्या आत जुन्या भागाचे निदान साधे फोटो तरी होऊन जायला हवेत.

१४ जून

कामाची पद्धत ठरली, सगळ्यांनी हीच पाळायची, कृपा करून आपापली डोकी चालवू नका. दगड साफ करायचा तर फक्त पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश नाही, अ‍ॅसिड नाही, ब्लीच नाही, आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, टाल्कम पावडर असलं काहीही चोळायचं नाही. संगमरवर म्हणजे शेवटी चुनाच, अ‍ॅसिडने तो नुसता चकाकतो आणि वरचा थर जातो, त्या थराबरोबर अक्षराची धारही जाते. मुंबईच्या पावसाने आणि धुराने तेच काम सव्वाशे-दीडशे वर्षं हळूहळू चालवलंच आहे, त्यात आपण भर घालायची नाही.

वाचण्यासाठी तिरका उजेड लागतो. भर दुपारी डोक्यावर ऊन असताना दगड कोरा दिसतो आणि सकाळी आठला त्याच दगडावर तीन ओळी दिसतात. जिथे झाडाची सावली आहे तिथे साधा आरसा घ्यायचा, एकाने लांब उन्हात उभं राहून उजेड बाजूने दगडावर पाडायचा आणि दुसऱ्याने फोटो काढायचा. घरातला कपाटाच्या दारामागचा आरसा चालतो, मी तोच आणला होता.

आज एका कबरीपाशी आम्ही बराच वेळ बसलो. पांढरा संगमरवर, त्यावर एके काळी शिशाची अक्षरं होती. शिशाची अक्षरं बसवायची तर दगडात अक्षराचा आकार कोरतात, त्या खाचेत बारीक बारीक भोकं पाडतात, आणि शिसं आत ठोकून बसवतात म्हणजे ते भोकांत पकड घेतं. या दगडावरचं शिसं जवळजवळ सगळं गेलंय, गळून पडलं की कुणी उचकटून नेलं देव जाणे, आणि खाचही इतकी झिजलीय की बोटाला लागत नाही. पण भोकं राहिलीत. कॉलेजातल्या मुलीने कागदावर ती भोकं ठिपक्यांसारखी उतरवली आणि मग आम्ही ठिपके जोडत बसलो, उभ्या दोन ओळी आणि मध्ये तिरकी म्हणजे एन, अर्धगोल म्हणजे सी किंवा जी. असं करत करत एका बाईचं पहिलं नाव निघालं, आडनावाची चार अक्षरं, आणि साल १९०२. नवऱ्याचं नाव नाही निघालं. तिथे हात लावला तर भोकात अजून एक शिशाचा दाणा अडकलेला होता, तो तसाच ठेवलाय.

२३ जून

पाऊस सुरू. दगडांवर आता शेवाळ धरेल, बाहेरचं काम कमी आणि शीटचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नोंदींच्या तक्त्याचं काम जास्त.

शीटबद्दल एक गोष्ट पक्की केली. दगडावर जे आहे तेच लिहायचं, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी तसंच, आणि आपल्याला काय वाटतं ते शेजारच्या वेगळ्या कॉलममध्ये. एकाच घरात आजोबा दोमिंगोस, मुलगा डॉमिनिक, आणि नातवाच्या दगडावर नुसतं डी. असं सर्रास आहे. आपण ते सरसकट सारखं करून टाकलं तर तीन पिढ्यांत त्या घराचं काय बदलत गेलं तेच पुसलं जाईल.

अजून एक कॉलम टाकलाय, मृत्यूच्या सालाचा संदर्भ. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्यानंतरची दहाएक वर्षं, मग १९१८ चा इन्फ्लुएंझा, मग १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन बोट स्फोटात फुटली तो दिवस. या तारखांच्या आसपासचा दगड दिसला की खूण करायची. व्हिएगस हे स्वतः कॅथलिक, मूळचे गोव्याचे, पुढे १९०६ साली मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे आणि तिथून रोज हजारो लोक जातात. गावठाणांमध्ये आणि पाखाड्यांमध्ये, म्हणजे जुन्या वाड्यांमध्ये, जे रस्त्याकडेचे क्रूस दिसतात त्यातले कितीतरी त्या प्लेगच्या काळातले आहेत.

७ जुलै

ग्रुपवर यादीवरून बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं होतं की आधी प्रसिद्ध लोकांच्या कबरी घेऊ, म्हणजे पेपरवाले लक्ष देतील, थोडे पैसे जमतील. मुद्दा चुकीचा नाहीये. शिवडीत नावं आहेतच. व्हीटी स्टेशनचा आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स इथेच आहे, १९०० साली मलेरियाने गेला. गेटवे ऑफ इंडियाचा आणि म्युझियमचा आर्किटेक्ट जॉर्ज विटेट १९२६ साली गेला, तोही इथेच. म्हणजे बाहेरगावचा माणूस मुंबईत उतरला की ज्या इमारतींसमोर फोटो काढतो त्या बांधणारे दोघं हार्बर लाइनच्या या बाजूला आहेत आणि त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. ते दोघं आपल्या कॅथलिक यादीत बसत नाहीत, पण पत्ता विचारणाऱ्याला दाखवायला काय हरकत आहे.

कवी डॉम मोराइस इथे आहेत. १९३८ चा जन्म, मुंबईचे, वडील फ्रँक मोराइस म्हणजे मोठे संपादक. विशीच्या आसपास पहिल्या कवितासंग्रहाला इंग्लंडातलं हॉथॉर्नडेन प्राइझ मिळालं, ते साल १९५८. २००४ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे या कबरीतली माती इंग्लंडला ऑडकम नावाच्या गावी नेऊन तिथे पुरली, तीही त्यांच्या वाढदिवशी, १९ जुलैला.

आणि काका बॅप्टिस्टा. त्यांच्यावर वेगळं लिहिते कारण आपल्या मराठी लोकांना त्यांची जेवढी माहिती असायला हवी तेवढी अजिबात नाही.

१२ जुलै

जोसेफ बॅप्टिस्टा. जन्म १७ मार्च १८६४, माझगावची माथारपाखाडी. घराणं मूळ उत्तनचं, म्हणजे ईस्ट इंडियन, इथलेच मूळचे ख्रिस्ती, घरात आपलीच मराठी बोलणारे. पुण्याला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, मग केंब्रिजला, मग बॅरिस्टर. लोकमान्य टिळकांचे मित्र आणि वकील. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष टिळक नव्हते, बॅप्टिस्टा होते, आणि सेक्रेटरी न. चिं. केळकर. शाळेत आपण होमरूल म्हटलं की टिळक आणि अ‍ॅनी बेझंट एवढंच पाठ करतो. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क' या वाक्यामागची मूळ कल्पना बॅप्टिस्टांची, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे बरेच जण सांगतात, त्यावर वाद घालायचा तर घाला, पण निदान हे नाव वादात तरी आलं पाहिजे.

१९२० ला आयटक ही कामगार संघटना उभी राहिली त्यात लाला लजपत राय आणि ना. म. जोशींबरोबर हे होते, गिरणी कामगारांसाठी कायम उभे राहिले. १९२५ ला कॉर्पोरेशनचे प्रमुख झाले. लोक काका म्हणायचे ते सगळीकडे, फक्त ख्रिस्ती वस्तीत नाही. १८ सप्टेंबर १९३० ला गेले आणि शिवडीला पुरले.

टिळक १ ऑगस्ट १९२० ला सरदारगृहात वारले, ते सरदारगृह क्रॉफर्ड मार्केटसमोर. त्यांना गिरगाव चौपाटीवर अग्नी दिला, आज तिथे पुतळा आहे, जयंती-पुण्यतिथीला हार पडतात, ते योग्यच आहे. त्यांच्या शेजारी बसून होमरूलचं राजकारण आखणारा माणूस त्याच शहरात आहे आणि मी माझ्या ऑफिसात विचारलं तर जोसेफ बॅप्टिस्टा गार्डन सगळ्यांना माहिती, माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरची बाग, खाली पाण्याचं मोठं टाकं आहे ती. पण बॅप्टिस्टा कोण हे विचारलं की गप्प. कुणीतरी म्हणालं पोर्तुगीज गव्हर्नर असेल. मला खरंच वाईट वाटलं.

११ ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली म्हणून गेलो होतो. कबर खणणाऱ्या काकांशी आज नीट बोलणं झालं आणि त्या बोलण्याने माझा या प्रकल्पाकडे बघण्याचा डोळाच बदलला, म्हणून जरा सविस्तर.

मुंबईत पुरायला जागा नाही हे सगळ्यांना माहिती आहे, पण त्यावरची व्यवस्था बाहेरच्यांना माहिती नसते. ज्यांच्या घराची कायमची कबर आहे त्यांच्या पिढ्या त्याच कबरीत जातात. बाकीच्यांना साधी कबर मिळते, ती ठरावीक मुदतीने, साधारण दोन वर्षांनी उघडतात, हाडं काढतात, आणि घरच्यांनी सांगितलं असेल तर भिंतीतल्या खणात, निशमध्ये ठेवतात, त्यावर छोटी पाटी. मग तीच कबर पुढच्या माणसाला. काका म्हणाले, "ताई, मी घरच्यांना आधीच सांगतो, अंगावर सुती कपडे घाला, नायलॉन, पॉलिस्टर नको, मोजे पण नको. माती तिचं काम करते, पण ती पॉलिस्टर खात नाही. दोन वर्षांनी उघडायला मलाच उतरायचं असतं." पावसात खड्ड्यात पाणी भरतं, खाडी जवळ, ते बादलीने उपसून मग शवपेटी खाली सोडायची. हे काम त्यांचे वडीलही करायचे.

मी विचारलं, मग साध्या कबरीवर लावलेला क्रूस? लाकडी असतो, नाव रंगाने लिहिलेलं, कबर उघडली की निघतो. नेलं घरच्यांनी तर नेलं.

म्हणजे आपण ज्याला दफनभूमीचा इतिहास म्हणतोय तो दगड ज्यांना परवडला त्यांचाच आहे. बॅरिस्टर आहेत, डॉक्टर आहेत, रेल्वेतले आणि गोदीतले मोठे साहेब आहेत. ज्या गिरणी कामगारांसाठी काका बॅप्टिस्टा भांडले त्यातल्या कॅथलिक कामगारांचा एकही दगड आपल्याला सापडणार नाही, किंवा सापडला तरी अगदी क्वचित. आया म्हणून, खानसामा म्हणून, गिरगाव-धोबीतलावच्या कुडांत (गोव्याच्या गावागावांच्या सामायिक खोल्यांत) राहून बोटीवर काम केलेले गोवेकर, वाडीत भाजी लावणारे, सगळे इथेच कुठेतरी याच मातीत आहेत आणि त्यांच्यावर एकदा नाही, अनेकदा दुसरी माणसं पुरली गेली आहेत.

त्यामुळे आजच्या मीटिंगमध्ये मी मांडलं की फक्त दगड वाचून चालणार नाही. निशच्या पाट्या आणि चर्चची दफन रजिस्टरं, हे दोन्ही दगडाइतकंच महत्त्वाचं काम आहे, आणि शीटमध्ये प्रसिद्ध माणसांचा वेगळा टॅब नसावा. सगळे एकाच यादीत, आडनावाच्या क्रमाने. थोडी वादावादी झाली पण मान्य झालं.

३१ ऑगस्ट

रजिस्टरांची भानगड. एकाच घरातली नावं दोन वेगळ्या चर्चच्या पुस्तकांत का विखुरली आहेत याचं कारण जुनं आहे. मुंबईतली कॅथलिक चर्चं १७९४ ला दोन अंमलांत वाटली गेली. दादरचं साल्व्हेशन आणि माझगावचं ग्लोरिया गोव्याच्या आर्चबिशपकडे, आणि कावेलचं एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल रोमकडून आलेल्या मिशनऱ्यांकडे. ही दुहेरी व्यवस्था पार १९२८ पर्यंत चालली. भाऊ एका बाजूचा, लग्न होऊन गेलेली बहीण दुसऱ्या बाजूची, असं अगदी सहज व्हायचं. जुन्या नोंदी लॅटिन नाहीतर पोर्तुगीजमध्ये, हस्ताक्षर फादर बदलला की बदलतं.

एका ठिकाणच्या फादरांनी पानांचे फोटो घ्यायला परवानगी दिली, अट एवढीच की फ्लॅश नको आणि पुस्तक सपाट उघडून दाबायचं नाही, दोन्ही बाजूंना उशा ठेवायच्या. रजिस्टरात साध्या कबरीतल्या माणसांचंही नाव आहे, वय आहे, कधी कधी धंदासुद्धा. मला हवं होतं ते हेच. ज्यांच्या डोक्यावर दगड नाही त्यांच्या नावाची एक ओळ तरी आहे.

१८ सप्टेंबर

काका बॅप्टिस्टांची पुण्यतिथी. फुलं ठेवली, एक प्रार्थना म्हटली, मराठीतच. मग जीपीएस घेतला आणि नोंद पूर्ण केली, बाकी सगळ्यांसारखीच एक ओळ, नाव, साल, जागा, फोटो नंबर. बरोबर आलेल्यांमध्ये दोघं हिंदू मित्र होते, एक लालबागचा, गणपती मंडळाचं काम करणारा. तो म्हणाला मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या देखाव्यात टिळकांबरोबर काकांचं चित्र लावायला सांगतो. मी त्याला सगळी माहिती पाठवली आहे. लावलं तर फार बरं होईल, लालबागला एका रात्रीत जेवढे लोक बघतील तेवढे आपल्या सगळ्या लेखांना मिळून वाचक मिळणार नाहीत.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट, पण उजेड उत्तम. शेवाळ सुकलंय, मऊ ब्रशने सहज निघतं. उरलेला जुना भाग या महिन्यात उरकतोय.

मध्ये वांद्र्याला सेंट अँड्र्यूजला जाऊन आलो, तुलना करायला. १५७५ चं चर्च, जेझुइटांनी बांधलेलं, समोरच्या आवारात कबरी आणि एकाच दगडातला उंच क्रूस, त्यावर येशूच्या दुःखसहनाच्या खुणा कोरलेल्या. तिथल्या जुन्या शिळा पोर्तुगीज आहेत, आणि अशा शिळांवर बहुतेक वेळा कबर कोणाची आणि पुढे 'व त्याच्या वारसांची' असं लिहिलेलं असतं, म्हणजे दगड एका माणसाचा नसून घराचा सातबाराच म्हणा ना. काळा दगड असल्यामुळे अक्षरं शिवडीच्या संगमरवरापेक्षा कितीतरी चांगली टिकलीत. तिथे घाई नाही, शिवडीला आहे.

२ नोव्हेंबर

ऑल सोल्स डे. आजच्यासाठी मी कधीपासून तयारी केली होती कारण वर्षात आज सगळी घरं येतात. सकाळपासून गर्दी, झेंडू, शेवंती, मेणबत्त्या, झाडू, बादल्या, मुलं पाणी आणून देतायत, म्हातारी माणसं खुर्चीवर. मिस्सा झाल्यावर फादर कबरींवरून पवित्र पाणी शिंपडत गेले.

आम्ही गेटपासून थोड्या अंतरावर टेबल टाकून बसलो, आपल्या घराचं इथे कोण आहे ते सांगा म्हणून. लोक थांबत होते. एक मावशी, वय ऐंशीच्या पुढे, निशच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझे पप्पा तिथं हायत, तिसऱ्या ओळीत, पाटी पडली ती परत लावलीच नाय." पाटी नाही त्यामुळे आमच्या फोटोत तो खण रिकामा होता. मावशींनी नाव सांगितलं, गिरणीचं खातं सांगितलं, वडील साच्यावर, म्हणजे मागावर होते, १९५० च्या आसपास गेले. मी रजिस्टरचे फोटो टॅबलेटवर उघडले, साल पुढे-मागे करत शोधलं आणि सापडले. वय बेचाळीस, धंदा मिल-हँड. मावशींनी चष्मा काढून टॅबलेट अगदी डोळ्यांजवळ नेला, नाव दोनदा वाचलं आणि मग विचारलं याची झेरॉक्स मिळेल का. उद्या देणार आहे.

बॅप्टिस्टांच्या कबरीचा रस्ताही आज काही जणांनी विचारला, त्यात एक शाळेतली मुलगी होती, तिला प्रोजेक्ट आहे म्हणे. तिला पुण्यतिथीला काढलेला फोटो पाठवून दिला.

९ नोव्हेंबर

टेबलावर आलेली माहिती शीटमध्ये भरून झाली. जी नावं लोकांनी तोंडी सांगितली आणि रजिस्टरात अजून सापडली नाहीत ती पिवळ्या रंगात ठेवलीत, ती खोडायची नाहीत, शोधत राहायचं. जूनमधल्या त्या भोकांच्या दगडावरच्या बाईंचं आडनाव अजून पूर्ण झालेलं नाही, १९०२ चं पुस्तक दुसऱ्या चर्चकडे आहे, तिकडे पत्र दिलंय.

पुढचं काम म्हणजे निशच्या भिंती. प्रत्येक खणाचा समोरून फोटो, ओळ आणि नंबर, पाटी असो वा नसो. ज्यांना जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचता येतं अशी दोन-तीन माणसं हवीत, वय कितीही असू दे, घरी बसून करता येईल, पानांचे फोटो मी पाठवीन. सुरुवात दादरच्या पुस्तकापासून.